पॅट्रिक गेडिस

सर पॅट्रिक गेडिस (जन्म : बॅलटर, स्कॉटलंड, २ ऑक्टोबर १८५४, मृत्यू : मॉंपेलिये, फ्रान्स, १७ एप्रिल १९३२) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार होते. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक (१९१९–१९२४). भारतातील सुमारे पन्नास नगरांविषयी त्यांनी अहवाल लिहिले, तसेच हैदराबाद संस्थानातील उस्मानिया विद्यापीठाच्या जागेसंबंधी निजाम सरकारला सल्ला दिला. नांदेड आणि लातूर ही नगरे तेव्हा याच संस्थानात असल्याने मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासातही त्यांचे नाव येते.

महाराष्ट्रात गेडिस यांचा उल्लेख प्रामुख्याने नगररचनेच्या संदर्भात होतो. त्यांची पहिली ख्याती मात्र वेगळ्या विषयामुळे झाली. प्राणी व वनस्पती यांच्यात नर आणि मादी असा भेद का निर्माण झाला, काही जीव उभयलिंगी का असतात आणि लिंग कशामुळे ठरते, या प्रश्नांवर त्यांनी जे. आर्थर टॉम्सन यांच्यासह १८८९ मध्ये ‘द इव्होल्यूशन ऑफ सेक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मूळ सिद्धान्त पुढे मागे पडला, परंतु त्यात विचारलेले काही प्रश्न जीवशास्त्रात अद्याप अभ्यासले जातात.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

गेडिस यांचे वडील अलेक्झांडर हे सैन्यात होते. आईचे नाव जॅनेट. पॅट्रिक यांचे बालपण पर्थ या गावी, टेकडीवरील घरात आणि बागेत गेले. शालेय शिक्षणानंतर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. १८७४ मध्ये वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी ते एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले, परंतु वाळलेल्या वनस्पतींच्या वर्गीकरणावर भर देणारी तेथील अध्यापनपद्धती न रुचल्यामुळे आठवड्याभरातच बाहेर पडले. त्यानंतर लंडन येथे टॉमस हेन्री हक्स्ली यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. विद्यापीठाची पदवी त्यांनी अखेरपर्यंत घेतली नाही.

१८७८ मध्ये ते फ्रान्सच्या किनाऱ्यावरील रॉस्कॉफ येथील सागरी प्रयोगशाळेत गेले. भरती ओसरल्यावर तेथील वाळूवर हिरव्या रंगाचे बारीक चपटे कृमी मोठ्या संख्येने दिसतात. हे कृमी सूर्यप्रकाशात ऑक्सिजन बाहेर टाकतात, हे गेडिस यांनी दाखवून दिले. प्राण्याच्या शरीरात वनस्पतीसारखी क्रिया चालते, ही बाब त्या काळी लक्षवेधी ठरली. कृमींच्या शरीरात राहणाऱ्या शैवालामुळे असे घडते, हे पुढे इतर संशोधकांनी सिद्ध केले. हे कृमी उभयलिंगीही आहेत. प्राणी आणि वनस्पती, नर आणि मादी या दोन्ही सीमारेषा पुसट असलेल्या जीवापासून गेडिस यांच्या संशोधनास प्रारंभ झाला, ही गोष्ट त्यांच्या पुढील विचारांच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

१८७९ मध्ये मेक्सिको येथे नमुने गोळा करीत असताना ते आजारी पडले आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली. अनेक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. या काळात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपत त्यांनी कल्पनांची चौकोनांत मांडणी करण्याची पद्धत शोधली. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे त्यांना शक्य राहिले नाही. प्रयोगशाळेतील संशोधक होण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला आणि विखुरलेल्या निरीक्षणांची संगती लावणारा विचारवंत म्हणून ते पुढे आले. त्यांच्या लेखनातील बळ आणि उणीव या दोहोंचे मूळ बहुधा येथेच आहे.

लिंगभेदाचा सिद्धान्त

एडिंबरो येथे अध्यापन करीत असताना गेडिस यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीसाठी प्रजनन आणि लिंग या विषयांवर नोंदी लिहिल्या. त्यांचा विस्तार म्हणजे ‘द इव्होल्यूशन ऑफ सेक्स’. हॅवलॉक एलिस यांनी संपादित केलेल्या समकालीन विज्ञान ग्रंथमालेतील हे पहिले पुस्तक होते. सहलेखक टॉम्सन हे गेडिस यांचे शिष्य होते आणि पुढे ते ॲबर्डीन येथे प्राध्यापक झाले.

सजीवांच्या चयापचयाचे दोन भाग मानले जातात. अन्नापासून शरीरद्रव्य घडविणे व साठविणे हा चय, तर साठा मोडून शक्ती खर्च करणे हा अपचय. गेडिस व टॉम्सन यांच्या मते लिंगभेद हा मुळात या दोन प्रवृत्तींमधील भेद आहे. अंडपेशी मोठी, स्थिर व अन्नसाठ्याने भरलेली असते, म्हणून स्त्रीत्व चयप्रधान. शुक्रपेशी लहान, चपळ व साठारहित असते, म्हणून पुरुषत्व अपचयप्रधान. पिसाऱ्याचे रंग, शिंगे, आवाज, शरीराचा आकार अशा सर्व नर-मादी भेदांचा उगम त्यांनी याच एका सूत्रात शोधला. डार्विन यांनी नरांच्या शोभिवंत अवयवांचे स्पष्टीकरण मादीच्या निवडीने केले होते. गेडिस यांना ते अपुरे वाटले. असे अवयव आधी शरीरात का निर्माण झाले, हा प्रश्न त्याने सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

ग्रंथातील एक स्वतंत्र प्रकरण उभयलिंगतेवर आहे. एकाच जीवात नर व मादी अशी दोन्ही प्रजननांगे असण्याच्या अवस्थेचे त्यात प्रकार पाडले आहेत : भ्रूणावस्थेतील तात्पुरती उभयलिंगता, एरवी एकलिंगी असलेल्या जातीत अपवादाने आढळणारी, अंशतः असणारी आणि प्रौढावस्थेत नियमाने असणारी. गांडूळ, जळू, गोगलगाय, पट्टकृमी ही शेवटच्या प्रकाराची परिचित उदाहरणे. मंदगती, एका जागी चिकटून राहणाऱ्या किंवा परजीवी प्राण्यांत उभयलिंगता अधिक आढळते, याकडे लेखकांनी लक्ष वेधले. दोन्ही अंगे असूनही स्वतःच स्वतःचे फलन करणे ही निसर्गात तुलनेने विरळ गोष्ट आहे, हेही त्यांनी नोंदविले. डार्विन यांनी शोधलेल्या, उभयलिंगी शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या बार्नेकलांना चिकटून राहणाऱ्या सूक्ष्म पूरक नरांचाही त्यात विचार आहे. उभयलिंगता ही विकृती नसून बहुपेशीय जीवांची बहुधा मूळ अवस्था आहे आणि नर-मादी असे विभाजन नंतर झाले, हा या प्रकरणाचा निष्कर्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या सामान्य वाचकाला हा विचार धक्कादायक वाटला असल्यास नवल नाही.

या प्रकरणातील जीव मराठवाड्यातील वाचकाला अनोळखी नाहीत. २०२२ च्या खरीप हंगामात लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायींचा मोठा प्रादुर्भाव झाला. या गोगलगायी उभयलिंगी असतात. त्यांच्यात अंडी घालणारे निम्मे आणि न घालणारे निम्मे अशी विभागणी नसते. प्रत्येक प्रौढ गोगलगाय अंडी घालू शकते, शिवाय एका समागमात मिळालेले शुक्रद्रव्य साठवून ती पुढे अनेकदा अंडी घालते. हळू चालणाऱ्या, जोडीदार क्वचितच भेटणाऱ्या प्राण्याला उभयलिंगतेचा कोणता लाभ होतो, याचे शेतकऱ्याला महागात पडलेले हे उदाहरण आहे. नांदेड जिल्ह्यात अर्धापूर परिसरातील केळीच्या बागांत दुसरे उदाहरण दिसते. केळीच्या एकाच दांड्यावर आधी मादी फुले येतात व त्यांच्या फण्या धरतात. त्यानंतर काही वेळा मधल्या स्वरूपाची फुले येतात आणि टोकाच्या केळफुलात केवळ नर फुले असतात. उत्तम पोषण मिळालेल्या भागात स्त्रीत्व प्रकट होते, या गेडिस यांच्या मताला असे झाड अनुकूल भासले असते. आज मात्र हा बदल केवळ अन्नपुरवठ्यामुळे होतो असे मानत नाहीत.

पोषण आणि लिंगनिश्चिती

चयप्रधानता म्हणजे स्त्रीत्व असेल, तर भरपूर पोषणाने माद्या व उपासमारीने नर अधिक निपजले पाहिजेत. लेखकांनी यासाठी पुरावे जमविले. त्यांपैकी सर्वांत प्रभावी पुरावा एमिल युंग यांच्या बेडूकमाशांवरील प्रयोगांचा होता. नेहमीच्या स्थितीत माद्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक असे. गोमांस खाऊ घातलेल्या गटात ते ५४ वरून ७८ टक्क्यांवर, माशांचे मांस दिलेल्या गटात ६१ वरून ८१ टक्क्यांवर आणि बेडकाचे मांस दिलेल्या गटात ५६ वरून ९२ टक्क्यांवर गेल्याचे युंग यांनी नोंदविले होते. मावा या किडीच्या उन्हाळ्यात अनिषेकजननाने केवळ माद्या जन्मतात व शरद ऋतूत नर दिसू लागतात, याचाही आधार घेण्यात आला.

हा पुरावा पुढे टिकला नाही. बेडकांच्या अनेक गटांत सर्व पिलांची जननग्रंथी आधी मादीसारखी दिसते आणि नरांची ग्रंथी नंतर वेगळी होते, असे आढळून आले. त्यामुळे लहान वयात केलेल्या मोजणीत माद्यांची संख्या फुगते. माव्याच्या बाबतीत निर्णायक घटक अन्न नसून दिवसाची लांबी व तापमान आहेत, हे १९२० च्या दशकात स्पष्ट झाले. त्याआधीच, १९०५ मध्ये, नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांनी कीटकांवरील स्वतंत्र संशोधनातून लिंगाचा संबंध गुणसूत्रांशी असल्याचे दाखवून दिले होते. गेडिस व टॉम्सन यांनी १९१४ मधील ‘सेक्स’ या छोट्या पुस्तकात गुणसूत्रांची दखल घेतली, तरी चय-अपचयाचे सूत्र सोडले नाही.

सामाजिक निष्कर्ष व टीका

सिद्धान्त जीवशास्त्रापुरता राहिला असता, तर तो एक कालबाह्य गृहीतक म्हणून विस्मरणात गेला असता. परंतु लेखकांनी पेशींवरून थेट समाजाविषयी अनुमान काढले. पुरुष स्वभावतः सक्रिय, खर्चिक व नवे शोधणारा. स्त्री संयमी, संग्रही व सांभाळणारी. आणि हा भेद आदिम एकपेशीय जीवांपासून चालत आल्याने कायदे करून तो मिटविता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी जोर धरत असताना हे लिहिले गेले, हे लक्षात घ्यावे लागते. गेडिस स्वतः स्त्रीशिक्षणाचे विरोधक नव्हते आणि स्त्री-पुरुषांचे सहकार्य हा त्यांचा आदर्श होता. तथापि त्यांच्या सूत्राने स्त्रीचे स्थान आधीच ठरवून टाकले.

या अनुमानावर मानसशास्त्रज्ञ हेलन टॉम्पसन (पुढे वुली) यांनी १९०३ मध्ये नेमकी टीका केली. स्त्री-पुरुषांच्या मानसिक क्षमतांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन त्यांनी दाखविले की, त्यांतील फरक अल्प आहेत व ते संगोपनाने समजावून देता येतात. अंडपेशी व शुक्रपेशी यांच्या गुणांवरून संपूर्ण व्यक्तीचे गुण ठरविण्यास कोणताही आधार नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. उभयलिंगतेवरील प्रकरण आणि सामाजिक निष्कर्ष यांतील विसंगतीही डोळ्यांत भरते. एकाच गोगलगायीत दोन्ही प्रवृत्ती नांदू शकतात आणि लिंग परिस्थितीनुसार घडते असे मानणाऱ्या लेखकांनी मनुष्याच्या बाबतीत मात्र ते सर्वस्वी अटळ मानले.

आजच्या जीवशास्त्रातील स्थान

गुणसूत्रांचा शोध लागल्यावर लिंग जन्मतःच कायमचे ठरते, अशी समजूत काही काळ दृढ झाली. पुढील संशोधनाने तीही सर्व जीवांना लागू नसल्याचे दाखविले. मगरीच्या पिलाचे लिंग अंडी उबण्याच्या तापमानावर ठरते. कोकणच्या खाड्यांतील जिताडा हा मासा प्रथम नर असतो आणि काही वर्षांनी, आकार वाढल्यावर, मादी होतो. हेकरूच्या अनेक जातींत क्रम उलट असून मादीचा नर होतो. सह्याद्रीत पावसाळ्यात उगवणारा सापकांदा ज्या ॲरिसेमा प्रजातीत मोडतो, तिच्या अनेक जातींत कंद लहान असताना नर फुले येतात, कंद पोसला गेल्यावर मादी फुले येतात आणि एखाद्या वर्षी साठा घटल्यास झाड पुन्हा नर होते. पोषण व लिंग यांचा गेडिस यांना अभिप्रेत असलेला संबंध येथे खरोखरच आढळतो. फरक इतकाच की, तो सर्व सजीवांचा नियम नाही, तर काही वनस्पतींनी स्वीकारलेला मार्ग आहे : फळ व बी धरण्यास अधिक साठा लागतो, म्हणून तो असेल तेव्हाच मादी होणे फायद्याचे ठरते.

पपईमध्ये आनुवंशिकता व परिस्थिती या दोहोंचा प्रभाव एकत्र दिसतो. तिची नर, मादी व उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडे गुणसूत्रांवरून ठरतात. तरीही तीव्र उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाच्या फुलांतील अंडाशय खुंटतो व ती फुले नर फुलांप्रमाणे फळ न धरता गळतात. मराठवाड्यासारख्या उष्ण प्रदेशातील बागायतदारांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. सपुष्प वनस्पतींच्या बहुसंख्य जातींची फुले उभयलिंगी असून, नर व मादी झाडे पूर्णतः वेगळी असणाऱ्या जाती सुमारे ५ ते ६ टक्केच आहेत.

जीवशास्त्राकडून नगररचनेकडे

१८८६ मध्ये गेडिस यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या शहरातील दाट व अस्वच्छ वस्तीत जाऊन राहिले आणि तेथील घरांची दुरुस्ती, रंगरंगोटी व मोकळ्या जागांत बागा करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १८८८ मध्ये गेडिस डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. वर्षातील केवळ उन्हाळी सत्रात अध्यापन करावे लागत असल्याने उर्वरित काळ त्यांना इतर कार्यासाठी मिळे. जीव आणि परिस्थिती यांचा परस्परसंबंध हा त्यांच्या जीवशास्त्राचा गाभा त्यांनी नगरांना लागू केला. १९१५ मध्ये ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला.

भारतातील कार्य

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. त्यांच्या नगर-प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले, तेव्हा मित्रांच्या साहाय्याने त्यांनी प्रदर्शन पुन्हा उभे केले. रुंद रस्त्यांसाठी जुनी वस्ती सरसकट पाडण्यास त्यांचा विरोध होता. आधी पायी फिरून पाहणी करावी, मग शक्य तितकी कमी पाडापाडी करून मोकळी जागा निर्माण करावी, अशी त्यांची पद्धत होती. मुंबई इलाख्यातील ठाणे व वांद्रे यांसह अनेक गावांची त्यांनी पाहणी केली, नागपूरविषयीही लिहिले.

होळकरांच्या इंदूर येथील त्यांचे कार्य विशेष गाजले. प्लेगने त्रस्त झालेल्या या शहरात त्यांनी दिवाळीनिमित्त मोठी मिरवणूक काढली. ज्या भागातील लोक घरे व रस्ते सर्वाधिक स्वच्छ करतील, त्या भागातून मिरवणूक जाईल असे जाहीर करण्यात आले. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस व प्लेगचा उंदीर यांच्या भव्य प्रतिमा होत्या. शेवटी त्यांचे दहन झाले. १९१८ मध्ये इंदूरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात अत्यंत दुःखाचे ठरले. ज्येष्ठ पुत्र ॲलस्टर फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला. ॲना तेव्हा भारतात गंभीर आजारी होत्या. मुलाच्या मृत्यूची वार्ता गेडिस यांनी त्यांच्यापासून दडवून ठेवली आणि काही आठवड्यांतच ॲना यांचेही निधन झाले.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात रुजू झाले. व्याख्यानांपेक्षा आकृत्या आणि प्रत्यक्ष भ्रमंती यांवर त्यांचा भर असे. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात गेडिस यांचा वाटा होता. घुर्ये परतल्यावर १९२४ मध्ये विभागाचे प्रमुख झाले आणि भारतीय समाजशास्त्राची पायाभरणी त्यांनी केली. गुरूची पद्धत मात्र त्यांनी फारशी उचलली नाही. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र गेडिस यांनी १९२० मध्ये लिहिले. वनस्पती व प्राणी यांच्यातील भेदरेषेविषयीचे जुने कुतूहल त्यामागे होते.

उस्मानिया विद्यापीठ व मराठवाडा

हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. कायमस्वरूपी परिसरासाठी जागांची पाहणी करून गेडिस यांनी १९२३ मध्ये निजाम सरकारला अहवाल सादर केला. पुढे अडिकमेट भागात हा परिसर उभा राहिला. बेल्जियन वास्तुविशारद अर्नेस्ट यास्पर यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या कला महाविद्यालयाच्या इमारतीचे उद्‌घाटन १९३९ मध्ये झाले.

नांदेड हे तेव्हा संस्थानातील जिल्ह्याचे ठिकाण होते, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. या भागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी संस्थानातील एकमेव विद्यापीठ हेच होते आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. प्रदेशाचे जीवन व भाषा यांतून शिक्षण उभे राहावे, असे मानणाऱ्या गेडिस यांना देशी भाषेतील विद्यापीठाचे कौतुक वाटणे स्वाभाविक होते. पण नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला ती देशी भाषाही शाळेत शिकूनच घ्यावी लागे. नांदेड येथे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले. औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, तर नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. लातूर जिल्हा आज या दुसऱ्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो.

अखेरची वर्षे

प्रकृती बिघडल्याने गेडिस यांनी १९२४ मध्ये मुंबई सोडली आणि दक्षिण फ्रान्समधील मॉंपेलिये येथे वास्तव्य केले. तेथे त्यांनी स्कॉट्स कॉलेज ही निवासी विद्यार्थिसंस्था उभारण्यास प्रारंभ केला. तेल अवीव शहराचा आराखडा त्यांनी १९२५ मध्ये तयार केला. टॉम्सन यांच्यासह लिहिलेला ‘लाइफ : आउटलाइन्स ऑफ जनरल बायॉलॉजी’ हा द्विखंडी ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३२ च्या प्रारंभी त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉंपेलिये येथे त्यांचे निधन झाले.